हॉटेलला नोटीस लागते, मग पुढं काय होतं?

‘अस्वच्छ हॉटेलवर कारवाई, मालकास नोटीस.’ ही बातमी तुमच्या तालुक्याच्या पानावर वर्षातून दोन-चारदा येत असेलच. गणपती-दिवाळीच्या आधी जरा जास्त. फोटोत दोन अधिकारी, एक उघडा फ्रीज आणि पंचनाम्यावर सही करणारा मॅनेजर. पुढची बातमी मात्र येत नाही. त्या भटारखान्यात नंतर काही बदललं का, कुणी परत जाऊन बघितलं का, हे छापून आल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

पोस्ट थोडी मोठी आहे. पण ही ‘नोटीस’ म्हणजे नेमकं काय, ती कायद्यात कुठून आली आणि तिच्यात काय राहून गेलं, हे कळलं की त्या बातम्या वेगळ्या दिसायला लागतात. आपण सगळेच बाहेर खातो. पोरं हॉस्टेलच्या मेसमध्ये, म्हातारी माणसं सरकारी दवाखान्यात, आणि लग्नसराईत तर अख्खा गाव एकाच आचाऱ्याच्या हातचं.

सुरुवात जरा मागून करू. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 272 आणि 273 होती. खाण्यात भेसळ केली किंवा खराब अन्न विकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. मग प्रांतांनी आपापले कायदे केले. आपल्या मुंबई इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा 1925 चा. स्वातंत्र्यानंतर सगळ्या देशासाठी एकच, अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा 1954, जो 1 जून 1955 पासून लागू झाला. तो पुढं अर्धशतकाहून जास्त चालला. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला ‘फूड इन्स्पेक्टर’ म्हणून जो माणूस माहीत होता, तो याच कायद्याचा.

या सगळ्या कायद्यांच्या नावातच ‘भेसळ’ आहे, आणि गोची तिथंच आहे. कायद्याच्या नजरेत गुन्हा पदार्थात होता. जागा, हात, पाणी, फडकं हे सगळं दुय्यम. अगदीच नव्हतं असं नाही. 1954 च्या कायद्यात भेसळीच्या व्याख्येतच एक पोटकलम होतं, की गलिच्छ परिस्थितीत बनवल्यामुळं किंवा ठेवल्यामुळं पदार्थ दूषित झाला असेल तर तोही भेसळयुक्तच धरायचा. परवान्याच्या अटींतही स्वच्छता होती. पण सगळी यंत्रणा उभी होती ती नमुन्यावर. इन्स्पेक्टरनं यायचं, पंचांसमोर नमुना घ्यायचा, त्याचे तीन भाग करून सील करायचे, एक सरकारी विश्लेषकाकडं पाठवायचा, बाकीचे राखून ठेवायचे. अहवाल विरुद्ध आला की खटला. आरोपीला तो अहवाल मान्य नसेल तर राखलेला भाग केंद्रीय प्रयोगशाळेत, आणि तिचा शब्द अखेरचा.

दुधासाठी, तेलासाठी, मिरचीपूडसाठी ही पद्धत ठीकच. पण भटारखान्याचं काय? मोरीचा नमुना प्रयोगशाळेत जात नाही. फ्रीजच्या वरच्या फळीवर कच्चं चिकन आणि खालच्या फळीवर कापून ठेवलेला कांदा-काकडी, आचाऱ्याच्या बोटाला चिघळलेली जखम, ज्या फडक्यानं टेबल पुसलं त्याच फडक्यानं पुसलेलं ताट, दुपारचा रस्सा रात्रीपर्यंत गॅसशेजारी कोमट. माणसं आजारी पडतात ती बहुतेक वेळा यातून. यात कुणी कशात काही मिसळलेलं नसतं. आजही आपल्याकडं हॉटेलची तक्रार करायची म्हटलं की लोक ‘भेसळ आहे’ असंच म्हणतात. दीडशे वर्षांच्या कायद्यांनी हा शब्द आपल्या तोंडात बसवलाय.

दुसरी गोष्ट शिक्षेची. पुढच्या दुरुस्त्यांनी शिक्षा कडक होत गेल्या आणि बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिन्यांची कैद आली. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात इन्स्पेक्टरच्या हातात दोनच गोष्टी उरल्या, खटला भरणं किंवा सोडून देणं. ‘हे दुरुस्त कर, मी पुन्हा येतो’ असं त्यानं तोंडी सांगितलं असेलही, पण ते न ऐकणाऱ्याला पुढं काय, याचा सरळ रस्ता नव्हता. आणि जिथं एका टोकाला तुरुंग आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, तिथं मधली जागा कशानं भरली जाते हे कुठल्याही बाजारपेठेतल्या माणसाला विचारा. मला तर वाटतं, शिक्षा जितकी मोठी तितकी ‘मिटवण्याची’ किंमत मोठी, एवढाच त्या कडकपणाचा उपयोग झाला. भटारखाने होते तसेच राहिले.

आता जरा ब्रिटनमध्ये जाऊ. आपल्या आजच्या नोटिशीचा जन्म तिथला आहे.

ऑगस्ट 1984. यॉर्कशायरमधल्या वेकफील्डचं स्टॅनली रॉइड हे मनोरुग्णांचं मोठं रुग्णालय. तिथल्या स्वयंपाकघरात शिजवलेलं मांस थंड जागी न ठेवता बराच वेळ बाहेर राहिलं. साल्मोनेला पसरला. चारशेहून जास्त माणसं आजारी पडली, 19 रुग्ण दगावले. चौकशीत एक गोष्ट सगळ्या देशाला नव्यानं कळली. सरकारी रुग्णालयाचं स्वयंपाकघर म्हणजे राजसत्तेची मालमत्ता, त्यामुळं तिथं स्वच्छतेचा कायदा मोडला तरी खटला भरता येत नव्हता. नाक्यावरच्या चहावाल्यावर कारवाई होऊ शकत होती, हॉस्पिटलच्या किचनवर नाही. 1986 मध्ये कायदा करून रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांचं हे संरक्षण काढलं. पुढं डिसेंबर 1988 मध्ये एडविना करी नावाच्या आरोग्य खात्याच्या मंत्री देशातल्या बऱ्याचशा अंड्यांत साल्मोनेला असल्याचं बोलून गेल्या. अंड्यांचा बाजार कोसळला, बाईंना राजीनामा द्यावा लागला. पण अन्नाच्या सुरक्षिततेचा विषय काही खाली बसेना. त्यातून आला 1990 चा अन्न सुरक्षा कायदा.

त्या कायद्याच्या दहाव्या कलमात अन्न व्यवसायांसाठी ‘सुधारणा नोटीस’ आहे. अधिकाऱ्यानं लेखी सांगायचं, की तुमचं काय चुकतंय, कशावरून चुकतंय, ते दुरुस्त करायला काय करायचं, आणि किती दिवसांत. मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी देता येणार नाही. पुढच्या कलमांत बंदीचे आदेश आहेत, आणि जिवावरचा धोका असेल तर तातडीची बंदी.

आता आपला अन्न सुरक्षा आणि मानदे कायदा 2006 उघडा. कलम 32, सुधारणा नोटीस. कारणं लिहा, चुका लिहा, उपाय लिहा, मुदत द्या, चौदा दिवसांपेक्षा कमी नको. कलम 33 बंदी आदेश, कलम 34 तातडीची बंदी. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले तर रचना तीच आहे हे शाळेतल्या पोरालाही कळेल. घेतलं यात वाईट काही नाही, चांगली गोष्ट होती म्हणून घेतली. हा कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला आणि 1954 चा जुना कायदा गेला. फूड इन्स्पेक्टरचा ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ झाला, आणि जिल्ह्याला नोटिशीवर सही करणारा ‘पदनिर्देशित अधिकारी’ आला.

बदल नुसत्या नावांचा नव्हता. पहिल्यांदाच आपल्या कायद्यानं हॉटेलवाल्याला सांगितलं, की तुला शिक्षा करण्याआधी आम्ही तुझ्याकडून दुरुस्ती करून घेऊ. नोटीस पाळली नाही तर परवाना निलंबित. तरीही नाही तर म्हणणं ऐकून परवाना रद्द. आणि लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर कारण लेखी नोंदवून परवाना तडकाफडकी निलंबित करायची मुभाही त्याच कलमात आहे. नोटीस अन्यायाची वाटली तर आयुक्तांकडं अपील. काय तपासायचं तेही ठरलेलं आहे. 2011 च्या नियमांचं परिशिष्ट 4 वाचा. पिण्याचं पाणी, कामगारांची वर्षाला वैद्यकीय तपासणी, कच्चं-शिजलेलं वेगळं, कचऱ्याची झाकणं, सगळं आहे. कॅन्टीन-हॉटेलांसाठी तपासणीचा छापील तक्ता आहे, एकूण गुण 114. ऐंशीच्या खाली गेला तर श्रेणीच नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. या कायद्यातली ‘अन्न व्यवसाय’ची व्याख्या फायद्यासाठी असो वा नसो, खासगी असो वा सरकारी, सगळ्यांना धरते. म्हणजे सरकारी वसतिगृह, आश्रमशाळा, जिल्हा रुग्णालयाचं किचन, सगळं आत. वेकफील्डला 19 माणसं गेल्यावर जी दुरुस्ती झाली, ती आपल्याला कायद्याच्या पहिल्याच दिवशी मिळाली. तरी 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणात कीटकनाशक जाऊन 23 लेकरं दगावली. आणि आपल्याकडं आश्रमशाळेतल्या विषबाधेची बातमी आली की निलंबन होतं ते अधीक्षकाचं किंवा मुख्याध्यापकाचं. त्या स्वयंपाकघराला आधी कधी सुधारणा नोटीस निघाली होती का, हा प्रश्न पत्रकार परिषदेत विचारून बघा, उत्तर द्यायला कुणी तयार नसतं.

आता मूळ मुद्दा.

आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागं एक हॉटेल आहे, नाव सांगत नाही. मालक माझ्या ओळखीचा. मिसळ चांगली, भटारखाना यथातथाच. त्याला नोटीस आली. त्यानं ती मला दाखवली, घाबरलाच होता. पाण्याचा तपासणी अहवाल नाही, कामगारांचे वैद्यकीय दाखले नाहीत, मोरी उघडी, फ्रीजमध्ये कच्चं-शिजलेलं एकत्र, भिंतीचा रंग तेलकट होऊन पोपडे सुटलेले. मुदत पंधरा दिवस. मी म्हटलं, घाबरण्यासारखं काही नाही, यात तुरुंग नाही, हे कर आणि लेखी कळव. त्यानं केलं. मोरीला जाळी आणि फरशी, भिंतीला मांडीएवढ्या उंचीच्या होत्या त्या टाइल्स खांद्यापर्यंत, एक जुना फ्रीज फक्त कच्च्या मटण-चिकनसाठी. चार पोरांना सरकारी दवाखान्यात नेऊन दाखले काढले. पाण्याचा अहवाल आणला. फोटो लावून अर्ज दिला, पोच घेतली.

आणि मग काहीच झालं नाही. महिना गेला, सहा महिने गेले. कुणी आलं नाही. एकदा मला म्हणाला, “भाऊ, समोरच्यालापण नोटीस आली होती. त्यानं एक वीट हलवली नाही. त्याचं पण दुकान चालू, माझं पण चालू. मग मी पैसे कशाला घातले?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी कलम 32 पुन्हा वाचलं. दुरुस्तीसाठी मालकाला किमान चौदा दिवस आहेत. अपिलाला पंधरा दिवस आहेत. पण नोटिशीची मुदत संपल्यावर अधिकाऱ्यानं किती दिवसांत परत येऊन बघायचं, हा आकडा त्या कलमात नाही. नियमांत फेरतपासणी आहे ती परवाना निलंबित झाल्यानंतरची. दुसरं असं, की ही नोटीस लोकांना दिसेल अशा जागी लावा, असंही कलम म्हणत नाही. म्हणजे ज्यानं सुधारणा केली त्याचं कौतुक कुणाला कळत नाही, ज्यानं केली नाही त्याची लाज कुणाला दिसत नाही, आणि गिऱ्हाईक दोन्हीकडं सारख्याच विश्वासानं पाव मोडतं.

नोटीस दिली म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही, हा धडा खुद्द ब्रिटनला पुन्हा शिकावा लागला. 2005 च्या सप्टेंबरात दक्षिण वेल्समध्ये शाळांना शिजवलेलं मांस पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून ई. कोलाय ओ157 हा जिवाणू 44 शाळांत पोचला. दीडशेहून जास्त लोक आजारी, त्यात बहुतेक मुलं. पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. कारण काय, तर कच्चं आणि शिजलेलं मांस एकाच व्हॅक्युम पॅकिंग मशीनमध्ये. कायदा होता, नोटिशीचं कलम होतं, तपासणीला अधिकारी जातही होते. प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशीचा अहवाल 2009 मध्ये आला. त्यात मालकाच्या खोट्या नोंदींइतकंच तपासणीतल्या ढिलाईवरही बोट होतं. मालकाला वर्षभराची कैद झाली. त्या मुलाच्या आईनं पुढं वर्षानुवर्षं हा विषय लावून धरला.

आणि वेल्सनं 2013 मध्ये कायदा केला, नोव्हेंबरपासून लागू. प्रत्येक हॉटेल, खानावळ, शाळेचं किचन, सगळ्यांना तपासणीनंतर शून्य ते पाच गुण, आणि त्याचा स्टिकर दारावर लावणं सक्तीचं. कुणी फोन करून विचारलं तरी तोंडी खरा आकडा सांगायचा. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम वेगळंच आहे. ज्याला कमी गुण मिळाले त्यानं दुरुस्ती केली, की तो फी भरून फेरतपासणी मागू शकतो, आणि अर्जापासून तीन महिन्यांच्या आत अधिकाऱ्यानं येणं बंधनकारक. आमच्या हॉटेलवाल्याला हेच हवं होतं.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला तर हे पत्रकारांमुळं झालं. नोव्हेंबर 1997 मध्ये तिथल्या एका टीव्ही वाहिनीनं छुप्या कॅमेऱ्यानं हॉटेलांची किचनं दाखवली. लोक खवळले आणि दोन महिन्यांत, जानेवारी 1998 पासून, खिडकीत ‘ए’, ‘बी’, ‘सी’चं कार्ड लावायचा नियम आला. तपासणी आधीही व्हायची. फरक एवढाच, की आता निकाल फायलीत न राहता रस्त्यावर आला.

आपल्याकडं असं काही नाही का? आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छता मानांकन योजना आहे, पाचापैकी गुण मिळतात. पण ती ऐच्छिक. ज्याचं किचन आधीच चकाचक आहे तो घेतो आणि काउंटरवर लावतो. ज्याचं बघायला हवं, तो कशाला फिरकेल?

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. कॅगच्या 2017 च्या अहवालात अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या तुटवड्यावर ताशेरे आहेत. देशातल्या राज्यांच्या 72 अन्न प्रयोगशाळांपैकी 65 प्रयोगशाळांना एनएबीएलची मान्यता नव्हती, हेही त्यातच आहे. एका अधिकाऱ्याकडं दोन-तीन तालुके, त्यात दूध, गुटखा, मिठाई, कोर्टाच्या तारखा. तो फेरतपासणीला कधी जाणार? मान्य. पण यंत्रणेनं ठरवलं तर वेग किती येतो तेही आपण बघितलंय. जुलै 2025 मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात डाळ शिळी असल्याचं म्हणत एका आमदारांनी कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याला मारलं. मारहाण चूकच, त्यावर दुमत नाही. पण दुसऱ्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तिथं होते, नमुने घेतले, परवाना निलंबित. तडकाफडकी निलंबनाचं ते कलम धूळ खात पडलेलं नाही, चालतं. फक्त ताट कुणाचं आहे त्यावर वेग ठरतो.

जाता जाता आमच्या धंद्याचंही एक. वडापाव, भजी, जिलबी वर्तमानपत्रात बांधून देणं 2018 च्या वेष्टन नियमांपासून बंद आहे, शाई पोटात जाते म्हणून. तरी सकाळी छापलेला अग्रलेख संध्याकाळी तेल पीत असतो. त्याच वर्षी 1 जुलैपासून तळणीच्या तेलाचीही मर्यादा आली, एकूण पोलर कंपाउंड 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं. गाड्यावरच्या माणसाला हे मोजायचं यंत्र कुणी दाखवलं असेल तर मला कळवा, मी फोटो काढायला येतो.

गाडेवाल्यांना झोडपण्यात मला रस नाही. छोट्या उलाढालीला नुसती नोंदणी लागते, आणि त्यातले बरेच जण सांगितलं तर ऐकणारे असतात. प्रश्न सांगून परत येणाऱ्याचा आहे. आणि अधिकारी विनाकारण छळत असेल तर त्याच्यासाठीही कलम 39 आहे, एक लाखापर्यंत दंड. तेही भिंतीवर लिहायला हरकत नाही. गिऱ्हाईकासाठी कलम 40 आहे. तुम्ही स्वतः विकत घेतलेला पदार्थ फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता, दोष निघाला तर फी परत मिळते.

मी माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्ह्यासाठी तीनच गोष्टी मागितल्या आहेत. गेल्या तीन वर्षांत कलम 32 खाली किती नोटिसा दिल्या. त्यातल्या किती ठिकाणी फेरतपासणी झाली आणि नोटिशीनंतर किती दिवसांनी. आणि यांत सरकारी वसतिगृहं, आश्रमशाळा आणि रुग्णालयांची किचनं किती. अर्ज सोमवारी दिला, पोच घेतली आहे. मुदत तीस दिवसांची. उत्तर आलं की जसंच्या तसं इथंच टाकतो. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाला असाच अर्ज टाकायचा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मसुदा पाठवतो.